वाळूवरून गेलेली रेघ

चेन्नईत मराठी माणसं एकत्र आली की आधी गणपती बसवतात, मग नाटक बसवतात आणि नाटकातल्या भूमिकांवरून भांडणं झाली की सायकली विकत घेतात. तांबरमच्या आमच्या मंडळींनी हे तिन्ही याच क्रमाने केलं. नाटकात मी नव्हते. सायकल मात्र माझ्याकडे आधीपासून होती. काळी, पुढे टोपली असलेली. बँकेची माझी शाखा घरापासून चार किलोमीटरवर आहे आणि स्टेशनजवळच्या गर्दीत बस जितका वेळ नुसती उभी राहते तेवढ्यात मी पोचून पाणी पिऊन खुर्चीत बसलेली असते. एवढ्यावरून त्यांनी मला अनुभवी म्हणून गटात घेतलं. खरं कारण वेगळं होतं. पंक्चर काढता येणारी मी एकटीच होते.

गटात अकरा जण. बहुतेक सिरुसेरीच्या आयटी कंपन्यांतली तरुण मंडळी, बाकी आम्ही जुने नोकरदार. चड्डीला आतून गादी, हातमोज्यांना बोटं नाहीत, हेल्मेटवर कॅमेरा. एवढं सगळं अंगावर चढवून ही माणसं दर रविवारी इडली खायला जात. इडलीचं दुकान पाच किलोमीटरवर असे. ते पंचवीस किलोमीटरचा वळसा घालून गाठायचं आणि त्याला राइड म्हणायचं.

वळसे आखायचं काम कॅप्टनचं. हे नाव त्यांनीच स्वतःला दिलं होतं, आपण तेच ठेवू. मोटारींच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, मूळचे रत्नागिरीकडचे, चेन्नईत अकरा वर्षं. अकरा वर्षांत त्यांना तमिळमधले दोन शब्द आले होते, पाणी मागायचा आणि पुरे म्हणायचा. बाकी सगळं ते हिंदीत मोठ्याने बोलून भागवत. समोरच्याला कळलं नाही की आणखी मोठ्याने.

त्या वर्षी त्यांनी एक भव्य फेरी आखली. तांबरमहून निघायचं, अड्यार नदीच्या काठाकाठाने समुद्रापर्यंत जायचं, मग किनारा धरून दक्षिणेला चेन्नईजवळच्याच कोवळमपर्यंत आणि तिथून आत वळून सिरुसेरीवरून परत घरी. फोनवरच्या नकाशात त्यांनी या फेरीची निळी रेघ ओढली आणि वर नाव दिलं, ‘नदी ते सागर’. खाली लिहिलं, ‘निसर्गरम्य नदीकाठ’. अड्यारचा काठ मी वीस वर्षं बघतेय. अर्ध्या वाटेवर नदी दिसत नाही, भिंत दिसते. उरलेल्या अर्ध्या वाटेवर दिसते, तेव्हा भिंत बरी होती असं वाटतं. नाकाला रुमाल बांधून जाणाऱ्या अकरा माणसांना निसर्ग कुठून रम्य वाटला हे त्यांचं त्यांना ठाऊक.

पण या रेघेतला खरा मानाचा तुकडा पुढे होता. मुट्टुकाडूला खाडी समुद्राला मिळते. तिथे हमरस्त्यावर चांगला रुंद पूल आहे, वर्षानुवर्षं बसगाड्या जातात. कॅप्टनना पूल नको होता. पुलावरून कोणीही जातं, असं त्यांचं म्हणणं. त्यांची रेघ पुलाच्या आधीच हमरस्ता सोडून डावीकडे किनाऱ्यावर उतरायची, खाडीच्या मुखाशी जायची आणि तिथल्या वाळूच्या बांधावरून पलीकडे. जुलैत ते स्वतः चौघांना घेऊन जाऊन आले होते. उन्हाळ्यात समुद्र त्या मुखात वाळू आणून टाकतो आणि खाडीचं तोंड बंद होतं. जुलैत त्या बांधावर कोळ्यांची पोरं क्रिकेट खेळत होती. यांनी सायकली ढकलत नेल्या, फोटो काढले आणि मार्ग पक्का झाला.

फेरी मात्र ठरवली दिवाळीनंतरच्या रविवारी.

आता ही चूक चेन्नईत फक्त आपली माणसं करू शकतात. आपल्या अंगात पावसाचं एक कॅलेंडर शिवून दिलेलं असतं. जूनला सुरू, गणपतीत जोर, नवरात्रात संपला, दिवाळीला कोरडं. हजार किलोमीटर लांब येऊन राहिलं, पोरं इथे वाढवली, तरी ते कॅलेंडर सुटत नाही. इथे पाऊस दिवाळीत सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत झोडपतो. पहिल्या वर्षी मीही ऑक्टोबरात गच्चीवर वर्षाचे गहू वाळत घातले होते आणि मग तीन दिवस पंख्याखाली पसरून बसले होते. पण ते पहिलं वर्ष होतं. अकराव्या वर्षी अशी चूक करायला माणूस जरा जास्तच शिकलेला लागतो.

मी गटावर लिहिलं, ‘नोव्हेंबरात बांध नसेल. पूल धरा.’

कॅप्टनचं उत्तर आलं, ‘ताई, जुलैत भर पावसाळ्यात तिथे घोटाभर पाणी नव्हतं. नोव्हेंबरात कुठून येणार? शिवाय रविवारी अष्टमी आहे.’

अष्टमीचं त्यांनी पुढे सविस्तर समजावलं. कोकणात खाडीकाठची माणसं तिथीवरून भरती-ओहोटी सांगतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाणी सगळ्यात कमी चढतं. आजोबांकडून शिकलेली विद्या. विद्या खरी आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या किनाऱ्यावर भरती मुळात कंबरेएवढीही चढत नाही, आणि या खाडीचं दार भरती उघडत नाही, पाऊस उघडतो. तरुण मंडळींनी अष्टमीला पटापट अंगठे दाखवले. पंचांग आणि फोन दोन्ही एकाच बाजूला म्हटल्यावर मी कोण?

मी दुसऱ्यांदा लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. फजिती बघायची थोडी हौस मलाही होती, हे लिहून टाकते.

कॅप्टनची बायको माझ्याकडे सायकल शिकली होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी, कॉलनीच्या मैदानात, पहाटे, कोणी बघत नसताना. एक महिना लागला. दोन्ही कोपरं फुटली. कॅप्टननी नवी परदेशी सायकल घेतली तेव्हा जुनी गियरवाली तिला दिली. दिली म्हणजे वापरू दिली. त्या सायकलीवरून ती मुडिचूरच्या पुढे एका बालवाडीत शिकवायला जाऊ लागली. तिकडे त्या वेळेला बस नाही. नवऱ्याने सोडायचं तर नवऱ्याला वेळ नाही, आणि वेळ असता तरी त्याने सोडलं नसतं, कारण बालवाडी ही त्याच्या मते नोकरी नव्हतीच. सायकल होती म्हणून नोकरी होती. एवढं साधं गणित होतं.

दिवाळीच्या फराळाला आम्ही सगळे कॅप्टनच्या घरी जमलो होतो. ती चिवड्याच्या ताटल्या फिरवत होती. कॅप्टन म्हणाले, “जुनी सायकल भाचीला पुण्याला पाठवतोय. एवढी चांगली गाडी, इथे कोथिंबीर वाहतेय.”

“मी शाळेत जाते तिच्यावर,” ती म्हणाली.

“शाळेत रिक्षाने जा.” मग सगळ्यांकडे वळून, “बरं, असं करू. रविवारची फेरी हिने पुरी केली तर गाडी हिची. नाही केली तर भाचीची. आणि रेघ सोडली की बाद.”

सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, “वहिनी, आजपासून लाडू जरा कमी खा.” तिने ताटली खाली ठेवली.

“गटावर लिहा,” ती नवऱ्याला म्हणाली.

“काय?”

“आत्ता बोललात ते. गटावर लिहा.”

कॅप्टननी मजेत लिहिलं, शेवटी हसरा चेहरा टाकला. तिने फोन बघितला, ठेवला आणि चहा टाकायला आत गेली.

रविवारी उजाडायच्या आधी निघालो. चार दिवस पाऊस कोसळला होता, शनिवारी उघडला होता, रस्त्याकडेला तळी साचली होती. आकाश निळं होतं. कॅप्टननी कॅमेऱ्यात बघून सांगितलं की आपल्याला हवामानाने साथ दिली आहे. नदीकाठी नेहमीचा वास नव्हता, पुराचा होता. अड्यार दोन्ही काठांना घासत, मातकट, वेगाने चालली होती. तिच्याकडे बघून त्या अकरा जणांतल्या एकाच्या तरी डोक्यात यायला हवं होतं की नदी अशी तर खाडी कशी असेल. त्यांनी नदीचा व्हिडिओ काढला.

ती माझ्या मागे होती. चढाला गियर बदलायचा आवाज येई, म्हणजे आहे एवढं कळे. समुद्रावर पोचलो तेव्हा तिचा चेहरा लाल होता, पण ती मागे पडली नव्हती. मी तिला दोन केळी दिली. सिरुसेरीच्या मंडळींनी पाकिटातली जेली चोखली आणि पाकिटं वाळूत टाकली. ती मी उचलून टोपलीत टाकली, कारण मी नसती उचलली तर कोणी उचलली नसती.

पुढे किनाऱ्याचा रस्ता धरला. मुट्टुकाडूच्या अलीकडे कॅप्टननी हात वर केला आणि आम्ही हमरस्ता सोडून वाळूत उतरलो. तिथून सायकली ढकलायच्या. वाळू भिजलेली आणि जड, चाकं रुतत होती. उजवीकडे पूल दिसत होता. त्याच्यावरून एक दूधवाला मागे कॅन बांधून, उभ्याने पेडल मारत आरामात पलीकडे गेला. त्याला कोणी कॅप्टन म्हणत नसावं.

मुखाशी पोचलो तर बांध नव्हता. बांधाची दोन टोकं होती, आणि मध्ये सत्तर-ऐंशी फुटांतून खाडी समुद्रात ओतत होती. पाणी तपकिरी आणि गुळगुळीत. गुळगुळीत पाणी वेगाचं असतं. काठाची वाळू भाकरीच्या तुकड्यासारखी सुटून आत पडत होती.

जवळच एक म्हातारा कोळी उलट्या होडीला टेकून जाळं विणत होता. त्याने आम्हाला नीट बघून घेतलं, गादीच्या चड्ड्यांसकट. मग म्हणाला, “नेत्तु दान वेट्टिनोम. इरंगादिंग.”

“काय म्हणतोय?” कॅप्टननी मला विचारलं.

“कालच तोडलाय म्हणतात. खाडीचं पाणी वस्तीत शिरायला लागलं की हे लोक वाळूत चर खणतात. चर हातभर, बाकी पाणी करतं. उतरू नका म्हणतायत.”

“त्यांना सांगा, आज अष्टमी आहे.”

“तुम्हीच सांगा.”

त्यांनी सांगितलं. हिंदीत, मोठ्याने, बोटांवर तिथी मोजून दाखवली. म्हाताऱ्याने मान डोलावली आणि दुसरी गाठ मारली.

“भांगाचं पाणी आहे,” कॅप्टन आम्हाला म्हणाले. “वरून वेग दिसतो. खाली मांडीएवढंसुद्धा नसणार. सायकली खांद्यावर घ्या. मी आधी जातो, माझ्या मागून एकेक जण या.” मग बायकोकडे बघितलं. “तू काय करणार आहेस? बघ बाई. रेघ इथून जाते.”

मी तिला म्हटलं, “पूल आहे. चल.”

ती पाण्याकडे बघत होती. तिला पोहता येत नाही. म्हाताऱ्याचं बोलणं तिला माझ्याआधी कळलं होतं, तीन वर्षांच्या तमिळ पोरांत दिवस काढते ती. मला तिच्या डोक्यातलं दिसत होतं. पूल म्हणजे बाद, बाद म्हणजे सायकल पुण्याला, आणि मग मुडिचूरची वाट पायी. तिने सायकलीचा दांडा एका हाताने धरला आणि वजनाचा अंदाज घेतल्यासारखी थोडी उचलली. मी सीट मागून धरून ठेवली. “ताई, सोडा,” ती म्हणाली. मी सोडली नाही.

तेवढ्यात कॅप्टन उतरले. पहिलं पाऊल घोट्यापर्यंत, दुसरं गुडघ्यापर्यंत. त्यांनी मागे वळून अंगठा दाखवला. तिसऱ्या पावलाखालची वाळू निघून गेली. ते आधी बसल्यासारखे झाले, मग आडवे, मग नुसतं पिवळं हेल्मेट. त्यांनी सायकल सोडली, ही त्या दिवशी त्यांनी केलेली एकमेव शहाणी गोष्ट. सायकल एकदा उलटून चाक वर करून दिसली आणि समुद्राकडे गेली.

म्हाताऱ्याने हाक मारली. होड्यांपलीकडून दोन माणसं धावत आली, एकाच्या कमरेला दोर. ती अशी सावकाश, सरावाने आत गेली की दर पावसाळ्यात तिथून कोणी ना कोणी काढत असणार. जर्सीच्या पाठीला तीन खिसे असतात, त्यातल्या एकाला धरून त्यांनी कॅप्टनना बाहेर ओढलं. तोवर सिरुसेरीच्या आठांपैकी एकही जण जागचा हलला नव्हता. दोघांचे कॅमेरे चालू होते.

कॅप्टन वाळूत बसले, पाणी ओकले, नाक शिंकरलं. त्यांच्या बायकोने पाठ चोळली, हातपाय हलवून बघितले, रक्त नाही याची खात्री केली. मी पिशवीतला टॉवेल दिला. ती त्या दोघांशी तमिळमध्ये बोलली, हात जोडले. मग तिने आपली सायकल उचलून सरळ केली.

“कुठे चाललीस?” कॅप्टन म्हणाले.

“पुलाकडे.”

“पुलावरून गेलीस तर बाद.”

“हो.”

कॅप्टन उठून उभे राहिले. “थांब. तुझी गाडी दे मला. मी फेरी पुरी करतो, गट सोबत आहे. तू रिक्षा करून घरी जा, तशीही तू बादच होणार आहेस.”

तिने त्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. बालवाडीत एखादं पोर दुसऱ्याचा डबा मागतं तेव्हा बघत असेल तशी.

“मला उद्या लागते,” ती म्हणाली, आणि सायकल ढकलत हमरस्त्याकडे निघाली.

मी तिच्या मागे. आमच्या मागे, एकेक करत, वाळूत पाय रुतवत, उरलेले सगळे. पूल ओलांडायला तीन मिनिटं लागली. पुलाच्या मध्यावरून खाली बघितलं तर किनाऱ्यावर कॅप्टन टॉवेल गुंडाळून म्हाताऱ्याशी बोलत होते. हातवारे करत होते. म्हातारा जाळं विणत होता.

फेरी आम्ही पुरी केली. सिरुसेरीला आठ जण आपापल्या घरी वळले, कारण तिथेच त्यांची घरं होती आणि रेघेचं प्रेम आटलं होतं. तांबरमपर्यंत ती आणि मी दोघीच आलो. शेवटच्या दहा किलोमीटरला समोरून वारा होता. घराच्या फाटकाशी उतरल्यावर ती म्हणाली, “आता पाठवतील. मी रिक्षावाल्याशी बोलून ठेवते.”

पाचव्या दिवशी गटावर कॅप्टनचा व्हिडिओ आला. त्यात नदी होती, सूर्योदय होता, वाळूत ढकललेल्या सायकली होत्या, आणि मग एकदम पूल. पाण्याचा भाग कापलेला. सोबत नकाशाची नवी रेघ होती, पुलावरून जाणारी, आणि खाली मजकूर. ‘काही जणांचा गैरसमज झालेला दिसतो. नदी ते सागर हा मार्ग पहिल्यापासून पुलावरूनच आहे. वाळूचा पर्याय मी फक्त पाहणीसाठी तपासला. नोव्हेंबरात तो टाळावा, हा अनुभवी सल्ला.’

सगळ्यांनी अंगठे दाखवले. जे तिथे उभे होते त्यांनीसुद्धा. या माणसांचा अंगठा कशालाही वर होतो.

दहा मिनिटांनी गटावर तिचा मजकूर आला. आयुष्यात पहिल्यांदाच तिने तिथे काही लिहिलं होतं. कॅप्टनचा दिवाळीचा तो हसऱ्या चेहऱ्याचा निरोप तिने वर परत दाखवला होता आणि खाली एक ओळ लिहिली होती. ‘मार्ग पुलावरूनच होता, म्हणजे मी पुरी केली.’

आता कॅप्टन काय म्हणणार? नवी रेघ खोटी म्हणावी तर जुन्या रेघेवर स्वतःच बुडालेले, खरी म्हणावी तर सायकल गेलेली.

परदेशी सायकल कोवळमच्या बाजूला जाळ्यात सापडली. मागचं चाक नव्हतं आणि साखळीत शेवाळ भरलं होतं. ती आता त्यांच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला उपयोगी पडते. भाचीला पुण्यात दुसरी काहीतरी मिळाली असेल. मी विचारलं नाही.

जानेवारीत, पाऊस खरोखर संपल्यावर, रविवारच्या इडलीच्या राइड पुन्हा सुरू झाल्या. कॅप्टन पुढे असतात, हात वर करून वळणं दाखवतात. सायकल बायकोची असते. ती फक्त रविवारी देते, आणि दोन अटींवर. सीटची उंची बदलायची नाही, आणि वाळूत न्यायची नाही. सहा फुटांचा माणूस त्या सीटवर गुडघे कानापर्यंत आणत पेडल मारतो. मागून बघायला मी अजून जाते.